इनासभाऊंचा चहा

रिया, इकडे ये बघू. पुण्यात बसून तू काय इकडे येणार म्हणा, पण कान तरी इकडे दे. काल तुझे फोटो आले मोबाइलवर. पांढरीशुभ्र मोठी गाडी, चाकांना काळं पॉलिश फासलेलं, काचेवर ऊन चमकतंय. आणि खाली तू लिहिलंयस, ‘आजी, सेकंडहँड आहे पण अगदी नव्यासारखी आहे, घेऊ का?’ अगं शहाणे, फोटो बघून हल्ली कोणी पोरगीसुद्धा पसंत करत नाही, आणि तू गाडी करतेस? न्हाऊन, पावडर लावून उभं राहिलं की कोणीही बरंच दिसतं. आणि विचारतेस कोणाला, तर मला. मी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

तुला असे आणखी चार शब्द सुनावणार होते. पण त्याखाली तू दुसरी ओळ लिहिली होतीस. ‘आजोबा गाडीत काय बघायचे गं? पप्पांना विचारलं तर ते उठून जातात.’ ती वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला.

म्हणून आता लिहितेच. फोनवर बोलायला गेले तर मध्येच तुझी मीटिंग येते. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच, तेव्हा कुठे घसरले तर सांभाळून घे.

मी तुझी शेजारची आजी, मूळची चिपळूणकडची. लग्न होऊन उमेळ्याला आले तेव्हा आमची भाड्याची खोली आणि तुझ्या आजोबांची वाडी, यांच्यामध्ये एक विहीर आणि जास्वंदीचं कुंपण, एवढंच होतं. वाडीत केळी, थोडा मोगरा, चार नारळ. आज त्या जागेवर सात मजले उभे आहेत, पण घर आणि मागची शेड तेवढी तुझ्या सख्ख्या आजीनं सोडली नाही. इनासभाऊ, म्हणजे तुझे आजोबा, सरकारी खात्यात जीप चालवायचे. जव्हार-मोखाड्याच्या घाटातून साहेबांना फिरवायचे आणि शनिवारी घरी यायचे. रिटायर झाले तेव्हा खात्यानं मोडीत काढलेली एक जीप लिलावात त्यांनीच घेतली आणि शेडमध्ये आणून उभी केली. फिलू, म्हणजे तुझी आजी, कपाळाला हात लावून म्हणाली, “आयुष्यभर हिच्यावर बसले ते पुरलं नाय. आता हिला घरात घेऊन आले.”

इनासभाऊ उंच, वाळके, मान जरा पुढे काढून चालणारे. शर्टाच्या खिशात एक छोटी बॅटरी आणि एक फडकं, कायम. रविवारी चर्चला जातानाही. बोलणं कमी. घरात ते त्यांची बोली बोलायचे, ती मला इतक्या वर्षांतही अर्धीच कळली. माझ्याशी बोलताना आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचे, पण ‘पाणी’ म्हणताना ‘पानी’च यायचं. चर्चच्या गायकांमध्ये मागच्या रांगेत उभे राहायचे आणि सगळ्यांच्या एक शब्द मागून गायचे. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाले, “वैनी, सगळी पुढं गेली की मागं काय ऱ्हायलं ते बघायला कोन तरी पायजे ना.”

तर हे असं मागं काय राहिलं ते बघणं, हाच त्यांचा स्वभाव. आणि म्हणूनच वसई, गास, पार नालासोपाऱ्यापर्यंत कोणाला जुनी मोठी गाडी घ्यायची झाली की लोक आधी आमच्या विहिरीपाशी येऊन उभे राहायचे. “इनास अंकल हायत का?” पैसे घेत नसत. जायचं, बघायचं, यायचं.

त्यांची रीत ठरलेली होती. गाडी सकाळी बघायची, आणि मालकाला सांगून ठेवायचं, आम्ही येण्याआधी चालू करू नका. पोचले की कोणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचे. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. गार असेल तर पुढचं काम. गरम असेल तर हात काढून घ्यायचे आणि म्हणायचे, “असू दे. निवू दे.”

एकदा इनासभाऊ गासच्या एका मास्तरांबरोबर गेले होते. मास्तर आमच्या ह्यांचे मित्र, म्हणून आम्हीही गाडीत. तिथल्या माणसानं गाडी आधीच चालू करून, फिरवून तयार ठेवली होती. इनासभाऊंनी हात ठेवला, काढला, आणि त्या माणसाच्या केळीत जाऊन दगडावर बसले. माणूस म्हणतो, “अंकल, चला ना, चक्कर मारू.” हे म्हणतात, “घाई नाय. तुमची केळी छान हायत.” ऊन डोक्यावर आलं. मास्तर कंटाळून पेंगायला लागले. शेवटी गाडी निवली, आणि चावी फिरवली तर ती अशी खोकली, अशी खोकली, आणि मागून निळा धूर. परतताना मास्तरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, “गरम इंजिन कोनाचं पन चांगलं चालतं. सकाळी उठल्या उठल्या मानूस कसा हाय, ते बघायचं.”

मग बाकीचं. तुला कामाला येईल म्हणून सांगते, नीट वाच. दारांची रबरं ओढून बघायचे, खालचा रंग वेगळा आहे का. बॉनेटच्या आतल्या बोल्टांवर बॅटरी मारायचे. त्यांच्यावरचा रंग खरवडला असेल तर पान्हा लागलाय, म्हणजे पत्रा उघडला होता, म्हणजे गाडी कुठेतरी आपटलीय. तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवायचे. टायरला आतल्या बाजूनं हात लावायचे, कारण बाहेरून सगळेच गोल. आणि पायातल्या पॅडलचं रबर. मीटरवर आकडा कमी आणि पॅडल गुळगुळीत असेल तर हसायचे. “केस काळे केलेत, पन गुडघे म्हातारे ते म्हातारेच.”

चक्कर मारायला मात्र स्वतः कधी बसत नसत. घेणाऱ्याला चालवायला सांगायचे आणि आपण सगळ्यात मागच्या सीटवर, डोळे मिटून. आचोळ्याचा खड्ड्यांचा रस्ता त्यांचा आवडता होता. म्हणायचे, “पुढं बसतो तो रस्ता बघतो. गाडी कळते मागच्याला.”

आणि सर्व्हिसची बिलं. बिलं बघायचे, पण नुसत्या बिलांवर त्यांचा भरवसा नव्हता. ज्या गॅरेजचं नाव बिलावर असेल तिथं जाऊन मिस्त्रीशी गप्पा मारायचे. गाडीचं नाही विचारायचे, मालकाचं विचारायचे. वेळेवर येतो का. दिवा लागला तरी महिना महिना चालवत राहतो का. घरच्या बाईला पाठवलं तर फसवतील म्हणून स्वतः येऊन थांबतो का. “गाडीची चौकशी म्हनजे मालकाची चौकशी,” असं त्यांचं.

चुकत नव्हते असं नाही हं. विरारच्या एकाला हो म्हणाले आणि चारच महिन्यांत त्याचा गिअरबॉक्स गेला. तो माणूस काही बोलला नाही, पण हे रोज उठून त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये जाऊन बसायचे, डबा घेऊन. फिलू डबा भरताना पुटपुटायची, “गिअरबॉक्सचं सुतक पाळतायत.”

आता चहाचं सांगते. सगळं त्या चहावरच आहे.

गाडी विकणारा माणूस चहा तर विचारतोच. आपल्याकडे कोणी दारात आलं आणि चहा न घेता गेलं असं होत नाही. पण इनासभाऊंनी एक ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून त्याच्या गाडीला वाईट म्हणायचं नाही. “त्यानं पोरावानी सांभाळलेली असते. नाय सांभाळली तरी ती त्याच्या दारात हाय.” म्हणून तिथं ते एक शब्द बोलत नसत. गाडी चांगली असेल तर चहा प्यायचे, बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत. गाडी खराब असेल तर कप हातात घ्यायचे, मान हलवायची, आणि तसाच ठेवून द्यायचे. “आज नको.” बस. घेणाऱ्याला कळायचं. विकणाऱ्याचा मानही राहायचा.

आधी आधी हे फक्त बरोबर गेलेल्यालाच माहीत असायचं. पण गोष्ट किती दिवस झाकून राहणार. हळूहळू विकणाऱ्यांनाही कळलं. मग काय, लोक त्यांच्यापुढे कप ठेवायचे आणि न्यायाधीशाकडे बघावं तसं त्यांच्या हाताकडे बघत बसायचे. एकानं तर चहाऐवजी सरबत आणलं होतं, तेवढाच बचाव.

एक चहा मात्र मी विसरणार नाही. गासच्याच एक विधवा बाई, नवऱ्याची गाडी विकत होत्या. गाडी म्हणजे पोचेच पोचे. एका बाजूचा रंग उडालेला, आरसा दोरीनं बांधलेला. घेणारा तरुण पोरगा बाहेरूनच परत निघाला होता. इनासभाऊंनी गार बॉनेटवर हात ठेवला. मग वाकले, गाडीखाली झोपले, उठले, मागे बसून चक्कर मारून आले. बाईंनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली, नवऱ्यानं ऑइल बदलल्याची, पट्टा बदलल्याची सगळी बिलं तारखेनं लावलेली. म्हणाल्या, “त्यांना गल्लीत वळवता यायची नाही. गेटला घासायचे. पण तिचं खाणंपिणं कधी चुकवलं नाही.” इनासभाऊंनी चहा प्यायला. मग कप पुढे करून म्हणाले, “बाय, अजून अर्धा हाय का?” त्या बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. पोरगा गाडी घेऊन गेला. ती गाडी अजून चालते, मी पाहिली आहे.

रिया, आता जे सांगणार आहे ते तुझ्या पप्पांनी तुला वेगळं सांगितलं असेल, किंवा काहीच सांगितलं नसेल. पण मी तिथे होते, म्हणून सांगते.

तुझे पप्पा, नेल्सन, लहानपणी कायम त्या जीपखाली असायचा. बापासारखाच हात. पण बापाला गाडी सांभाळायची हौस आणि ह्याला गाड्या फिरवायची. आचोळ्याला भाड्यानं जागा घेऊन त्यानं जुन्या गाड्या विकायचं काम सुरू केलं. बोलण्यात गोड, कामाला वाघ. इनासभाऊ त्याच्या यार्डात कधी गाडी बघायला जात नसत. कोणी नेल्सनकडची गाडी घेतोय म्हणून बोलवायला आलं तर म्हणायचे, “पोराच्या गाडीला बापानं काय बघायचं? दुसरा कोन बघा.” शहाणपणाच होता तो.

एका पावसाळ्यात वसईत पाणी फार भरलं. दोन-तीन दिवस गाड्या छपरापर्यंत बुडालेल्या, आम्ही गच्चीवरून बघत होतो. त्यानंतर वर्षभरात आमच्या जावयानं, महेशनं, मोठी गाडी घ्यायचं काढलं. चिपळूणला सगळ्यांना घेऊन जायला. आणि पसंत केली ती नेल्सनच्याच यार्डात. म्हणाला, “घरचा माणूस आहे, फसवणार थोडाच.” तरी इनासभाऊंना आग्रह करायला गेला. “अंकल, तुम्ही नुसते चला. तुम्ही चहा प्यायलात की आईंना बरं वाटेल.” इनासभाऊ नको नको म्हणाले. तेवढ्यात नेल्सनचाच फोन आला, “पप्पा, या ना. तुम्ही माझ्याकडे कधीच येत नाही.” त्या एका वाक्यावर ते उठले. इस्त्रीचा शर्ट घातला. फिलूनं रव्याचे लाडू दिले तुझ्यासाठी.

महेश, इनासभाऊ आणि मी यार्डात पोचलो तेव्हा गाडी धुऊन उभी होती. बॉनेट गार. नेल्सन हसत म्हणाला, “बघा, नाही चालू केली. तुमचाच पोरगा आहे.” इनासभाऊही हसले. दार उघडलं आणि आतून अत्तराचा असा भपकारा आला. खाली कार्पेट कोरं करकरीत. मला त्यातलं काही कळलं नाही, मला तर वास आवडला. पण इनासभाऊंचा चेहरा बदललेला मी पाहिला. ते मागच्या सीटवर बसले, सीटबेल्टचं टोक धरलं आणि ओढत गेले, ओढत गेले, पार तो संपेपर्यंत. कोणी एवढा ओढत नाही गं. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट रेघ होती. सुकलेल्या चिखलाची. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं, आणि पट्टा हळूहळू आत जाऊ दिला.

चक्कर मारायची राहिलीच. यार्डामागच्या तुमच्या खोलीतून तुझी आई चहा घेऊन आली. तू पाच वर्षांची असशील, फ्रॉकच्या खिशात एक बिस्किट आणि हातात एक. हातातलं तू त्यांच्या तोंडात कोंबलंस. त्यांनी खाल्लं. शेवटचा तुकडा तुझ्या हातावरचा होता तोही खाल्ला. मग नेल्सननं स्वतः कप उचलून त्यांच्या हातात दिला. “पप्पा, चहा घ्या.”

“घेतो,” म्हणाले.

कप धरून बसले. दोन कामगार हातातलं काम सोडून बघत होते. आणखी एक गिऱ्हाईक होतं, तेही बघत होतं. चहावर साय धरली. नेल्सन परत म्हणाला, आता आवाज खाली, “पप्पा, गाडी चालतेय हो. सगळं सुकवलंय. वायरिंग बदललंय. मलाही ती तशीच आली. सगळा पैसा तिच्यातच अडकलाय.” इनासभाऊंनी कप टेबलावर ठेवला. “आज नको” सुद्धा म्हणाले नाहीत. तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

महेशनं गाडी घेतली नाही. त्यात नेल्सनला दुःख नव्हतं, एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. पण तो चहा टेबलावर राहिला ना, तो सगळ्या आचोळ्यानं पाहिला. संध्याकाळपर्यंत नालासोपाऱ्यात झालं, ‘इनासनं पोराचा चहा ठेवला.’ मग कोण येतंय त्या यार्डात. चांगल्या गाड्याही तशाच उभ्या राहिल्या. आठवड्यानं नेल्सन उमेळ्याला आला, दारातच उभा राहिला. मी विहिरीवर होते. म्हणाला, “पप्पा, माझ्या कानात सांगायचं होतंत. मी गाडी जाळून टाकली असती. लोकांसमोर कप का ठेवलात?” इनासभाऊ म्हणाले, “मी काय बोललोच नाय रे.” नेल्सन म्हणाला, “तेच तर.”

त्यानंतर तुम्ही नाशिकला गेलात. बाकीचं तुला माहीत आहे. ख्रिसमसला फिलूसाठी डबा यायचा, फोन यायचा, पण तो फोन इनासभाऊंच्या हातात कधी गेला नाही. दोघंही तसेच, एकाच लाकडाचे. फिलू मध्ये उभी राहून दोन्हीकडचं ऐकायची आणि रात्री मला म्हणायची, “बाय, मी काय सांगू कोनाला.”

इनासभाऊंनी परत कोणाची गाडी बघितली नाही. लोक आले, हात जोडून परत पाठवले. एकदा विहिरीच्या कट्ट्यावर बसून मला म्हणाले, “वैनी, मना वाटलेलं गप ऱ्हायलं की मानूस वाचतो. माझं गप ऱ्हाणं कंच्या भाषेत चाललंय ते मलाच कळलं नाय. घरी बोलवून सांगायचं होतं. माझाच पोर होता.” मी कळशी भरत राहिले. भरून वाहायला लागली तरी.

फक्त जीप मात्र चालू ठेवली. रविवारी चर्चहून आले की शेडचं दार उघडायचे, जीप चालू करायचे आणि मागे जाऊन बसायचे. ती थरथरत उभी, हे आत डोळे मिटून. ऑइल वेळेवर, पाणी वेळेवर, चाकं महिन्याला थोडी सरकवून ठेवलेली. मी विचारलं, कुठे जायचंय का? म्हणाले, “नेल्सन आला तर चावी फिरवल्या फिरवल्या चालू झाली पायजे. नायतर म्हनंल, बाप बोलायचा नुसता.”

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळणं गेलं. नाकातून नळी घातली. डॉक्टरांनी बजावलं, तोंडानं थेंबही द्यायचा नाही, छातीत जाईल. डोळे तेवढे जागे होते, आणि डावा हात. त्या डाव्या हातानं ते चादरीचा काठ ओढत बसायचे. पार टोकापर्यंत ओढायचे, बघायचे, सोडायचे.

नेल्सनला फोन मी केला. फिलूची हिंमत होईना. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. फिलू चर्चला गेलेली, मी इनासभाऊंजवळ बसले होते. आधी मला शेडचं दार वाजलेलं ऐकू आलं. मग जीपचा आवाज. एका झटक्यात चालू झाली. इनासभाऊंचे डोळे दाराकडे वळले आणि तिथेच राहिले.

आवाज बंद झाला. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. थोड्या वेळानं नेल्सन आत आला, हातात कपबशी. मी म्हटलं, “अरे, त्यांना तोंडानं काही द्यायचं नाही.”

“माहीत आहे, मावशी. नळी दिसतेय. तरी केला.”

त्यानं कप स्टुलावर ठेवला, डाव्या बाजूला. खाली बसला, बापाचा हात धरला. “पप्पा, जीप छान ठेवलीत,” एवढंच म्हणाला. मग एकदम उठला आणि बाहेर पडवीत गेला. पाठमोरा, खांबाला धरून उभा राहिला. खांदे हलत होते, म्हणून मी बघायचं टाळलं आणि इनासभाऊंकडे वळले.

त्यांचा डावा हात चादरीवरून निघाला होता. हळूहळू स्टुलाकडे. कपाच्या कडेला लागला, कप थोडा हलला, बशीत सांडला. सांडलेल्यात त्यांनी बोट बुडवलं. मग ते बोट तोंडापर्यंत नेलं, आणि ओठांवर ठेवलं. वाकडे झालेले ओठ त्यांनी मिटून घेतले. परत हात गेला, परत बोट बुडवलं, परत ओठांना. माझ्याच्यानं अडवलं गेलं नाही.

मी हाक मारली, “नेल्सन, ये, बघ.” तो येईपर्यंत हात चादरीवर परत आला होता. कप भरलेला, त्यावर साय. त्यानं कपाकडे बघितलं. मी सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. तो हसल्यासारखं करून म्हणाला, “मावशी, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही काहीही सांगाल.” आणि औषधं आणायला म्हणून गेला. तो तिथूनच कुठे कुठे फिरला असेल, कोणास ठाऊक, दुपारी आला तेव्हा त्याचा चेहरा बंद झाला होता. इनासभाऊ त्याच आठवड्यात गेले, आणि नेल्सन कोणाजवळ दोन मिनिटं न बसता, माती देऊन नाशिकला गेला तो परत इकडे आलाच नाही.

पण रिया, नेल्सन औषधाला गेला आणि फिलू चर्चहून आली, तेव्हाचं त्याला माहीत नाही. आल्या आल्या ती त्यांचं तोंड पुसायला वाकली आणि माझ्यावर केवढी ओरडली. “यांना चहा कोनी दिला? ओठाला चहा लागलाय, वास येतोय. डॉक्टर काय बोलला ते ऐकलं नाय का?” फडक्यावर तपकिरी डाग होता. मी सांगितलं तशी ती ते फडकं हातात धरून खाली बसली. नंतर किती वेळा मी म्हटलं, तू सांग त्याला, माझं नाही ऐकत. ती म्हणते, “फोनवर नाय सांगनार. ह्या घरात फोनवर सांगून, गप राहून, खूप झालं. तो समोर बसला की सांगीन.” आता तिला ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत. पण तेवढं सांगायचं राहिलंय म्हणून बसली आहे, असं मला वाटतं.

तेव्हा ती पांढरी गाडी घ्यायच्या आधी सगळं बघ. पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ. मिस्त्रीला भेट. आणि काही बोलायचं असेल तर त्या माणसाला बाजूला घेऊन तोंडानं बोल. आजोबांची सगळी रीत उचल, ही एक सोडून.

आणि घेतलीस की पहिल्यांदा इकडे आण. शेजारच्या सीटवर पप्पांना बसव, उमेळ्याला जायचंय म्हणून आधी सांगू नकोस, नाहीतर उठून जाईल. शेडची चावी माझ्याकडे आहे. जीप आता कोणी चालू करत नाही. पुण्याहून नाशिक, नाशिकहून इथवर येईपर्यंत तुझ्या गाडीचं बॉनेट चांगलं तापलेलं असेल. असू दे. ते निवेपर्यंत बसा. फिलूला समोरच्या खुर्चीत बसवते, चहा मी टाकते. लवकर ये गं.